फ्रिस्को, प्लेनो की साउथलेक? डॅलसजवळ घर निवडताना आधी पत्त्याचा सातबारा वाचा

गेल्या महिन्यात न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. त्याच्या कंपनीचं काम टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला, प्लेनोला हलतंय. उन्हाळ्यात त्याला बायको आणि दोन मुलांसह इकडे यायचंय. थोरली सातवीत, धाकटा पहिलीत. "मावशी, तू तिथं इतकी वर्षं राहतेस. एवढंच सांग, घर कुठं बघू? फ्रिस्को, प्लेनो, साउथलेक की कॉपेल?" फोन ठेवल्यावर त्यानं एक एक्सेल शीट पाठवली. डावीकडच्या रकान्यात गावांची नावं, पुढे शाळांचे दहापैकी गुण, घरांच्या किमती, गुन्ह्यांचं प्रमाण आणि शेवटी बेरीज. फ्रिस्को पहिलं आलं होतं, अर्ध्या गुणानं.

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. टोयोटानं २०१४ मध्ये आपलं उत्तर अमेरिकेचं मुख्यालय कॅलिफोर्नियातून प्लेनोला आणायचं जाहीर केलं आणि २०१७ मध्ये ते इथं सुरू झालं. बँका, विमा कंपन्या, सॉफ्टवेअरवाले येतच राहिले आणि त्यांच्या मागोमाग आपली माणसंही. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेचं, २०१९ चं अधिवेशन डॅलसला भरलं ते उगाच नाही. दर वसंतात मला असे पाच-सहा फोन येतात. विचारणारे सगळे हुशार, आकडेमोडीत पक्के. तरीही बहुतेकांची एकच गफलत होते: ते गावाची गावाशी तुलना करतात. इथं कर, शाळा, वीज, विमा हे सगळं ठरतं ते घराच्या नेमक्या पत्त्यावरून. एकाच गावातल्या दोन गल्ल्यांमध्ये जेवढा फरक निघतो, तेवढा कधीकधी दोन गावांमध्येही निघत नाही. भाच्याला फोनवर तासभर जे सांगितलं, तेच इथं जरा नीट मांडून सांगते.

आधी नकाशा

डॅलस आणि फोर्ट वर्थ ही दोन शहरं साधारण तीस मैलांच्या अंतरावर, मधे विमानतळ, आणि सभोवती ऐंशी लाखांहून जास्त वस्तीचा पट्टा. सुखवस्तू उपनगरांचे यात ढोबळमानानं तीन घोळके दिसतात. डॅलसच्या पोटातच हायलंड पार्क आणि युनिव्हर्सिटी पार्क ही दोन छोटी स्वतंत्र गावं आहेत. चारी बाजूंनी मोठं शहर, पण नगरपालिका, पोलीस, शाळा वेगळ्या. जुन्या श्रीमंतांची वस्ती तिथं. विमानतळाच्या आसपास कॉपेल, ग्रेपव्हाइन, साउथलेक. आणि उत्तरेला रिचर्डसन, प्लेनो, ॲलन, फ्रिस्को, मॅकिनी, प्रॉस्पर, सेलाइना अशी लांबच लांब रांग.

ही उत्तरेची रांग झाड कापल्यावर दिसणाऱ्या वलयांसारखी आहे. आतलं वलय आधीचं, बाहेरचं नवं. रिचर्डसन वाढलं ते १९५०-६० च्या दशकांत, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या कंपन्यांच्या जोरावर. मग प्लेनोची पाळी आली. फ्रिस्कोची लोकसंख्या १९९० मध्ये जेमतेम ६ हजार होती. २०२० च्या जनगणनेत ती २,००,५०९ निघाली. आता टोक आणखी वर सरकलंय. सेलाइना आणि प्रिन्स्टन (न्यू जर्सीचं नव्हे, इथलं) ही गावं अलीकडे लागोपाठच्या वर्षी अमेरिकेतली सगळ्यात वेगानं वाढणारी शहरं ठरली. त्यातल्या प्रिन्स्टनला २०२४ मध्ये नव्या घरांचे परवाने काही काळ थांबवावे लागले, कारण पाणी आणि रस्ते पुरेनात. कुठल्या वलयात घर घेतो यावर पुढची दहा वर्षं कशी जातील हे बरंचसं ठरतं. त्याकडे पुढे येऊच.

घराचा सातबारा कुठं मिळतो?

आपल्याकडे जमीन घेताना कोणी नुसतं गावाचं नाव विचारत नाही. गट नंबर, सातबारा, बोजा, रस्ता हे सगळं बघतो. टेक्सासमध्ये त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे अप्रेझल डिस्ट्रिक्टची नोंद. प्रत्येक काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एक कार्यालय असतं. ते दरवर्षी प्रत्येक घराची करासाठीची किंमत ठरवतं. त्याच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की फुकटात कळतं: हे घर कोणत्या नगरपालिकेत, कोणत्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, कोणत्या काउंटीत येतं, कोणकोण त्यावर कर लावतं आणि मागच्या वर्षांत किंमत किती धरली होती.

स्कूल डिस्ट्रिक्ट हा शब्द एकदा समजून घ्या, कारण सगळी गुंतागुंत तिथं आहे. इथल्या सरकारी शाळा नगरपालिका चालवत नाही. त्यासाठी स्वतंत्र संस्था असते, तिचं मंडळ मतदार निवडून देतात, आणि तिला स्वतःचा कर लावायचा अधिकार असतो. टेक्सासमध्ये अशा सुमारे एक हजार संस्था आहेत. त्यांची शीव आणि गावाची शीव जुळेलच असं नाही. फ्रिस्को गावाचंच घ्या: त्याच्या हद्दीत चार वेगवेगळे स्कूल डिस्ट्रिक्ट येतात. फ्रिस्को, प्रॉस्पर, लुइसव्हिल आणि लिटल एल्म. उलट प्लेनो आणि मॅकिनीच्या काही भागातली मुलं फ्रिस्को डिस्ट्रिक्टच्या शाळेत जातात. म्हणजे "फ्रिस्कोच्या शाळा" हव्यात म्हणून फ्रिस्कोत घर घेतलं आणि मूल दुसऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये गेलं, असं होऊ शकतं. आणि प्लेनोत घर घेऊन फ्रिस्कोची शाळा मिळाली, असंही.

आणखी एक घोटाळा. पाकिटावर लिहायच्या पत्त्यातलं गावाचं नाव पोस्टाच्या सोयीनं ठरलेलं असतं. ते घर त्या गावाच्या हद्दीत आहेच, असं त्यावरून समजू नका.

या नोंदीत एक गोष्ट मात्र सापडणार नाही: घर नेमकं कितीला विकलं गेलं. टेक्सासमध्ये विक्रीची किंमत सरकारला कळवणं बंधनकारक नाही. मोठ्या वेबसाइटवर घराची जी अंदाजी किंमत दिसते, ती इथं न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियाइतकी भरवशाची नसते ती यामुळेच. खऱ्या विक्रीच्या किमती एजंटांच्या सामायिक यादीत असतात. म्हणून आपल्या एजंटकडून त्याच गल्लीतल्या, गेल्या सहा महिन्यांतल्या विक्रीचे आकडे मागून घ्या. तो देतो, मागायला संकोच करू नका.

"टेक्सासमध्ये टॅक्स नाही" म्हणजे काय?

पगारावर राज्याचा कर नाही, हे खरं. २०१९ मध्ये मतदारांनी राज्यघटनेतच तशी तरतूद करून घेतली. पण शाळा, रस्ते, पोलीस कशावर चालणार? घरावरच्या करावर. म्हणजे भार पगारावरून उचलून घरावर ठेवलाय.

हिशेब करू. फ्रिस्कोत, कॉलिन काउंटीच्या बाजूला, फ्रिस्को स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये ७ लाख डॉलरचं घर आहे असं समजा. शाळेचा दर साधारण १.०३ टक्के, नगरपालिकेचा ०.४३ च्या आसपास, काउंटी आणि तिथलं सार्वजनिक कॉलेज मिळून ०.२३. एकूण सुमारे १.७ टक्के. स्वतः राहत असलेल्या घराला होमस्टेड सवलत मिळते. शाळेच्या करापुरती घराची किंमत १ लाख ४० हजारांनी कमी धरतात (नोव्हेंबर २०२५ च्या मतदानात ती १ लाखावरून वाढली). मग शाळेचे होतात सुमारे ५,८००, गावाचे ३,०००, बाकीचे १,६००. वर्षाला १० हजार ४०० च्या घरात, म्हणजे महिन्याला साडेआठशेच्या वर. गाव स्वतःची वेगळी सवलत देत असेल तर यातून थोडे कमी होतात. यात निम्म्याहून जास्त वाटा शाळेचा आहे, हे लक्षात ठेवा.

आता दोन सापळे. ओळखीच्या कितीतरी घरांना मी यात अडकताना पाहिलंय.

पहिला: मागच्या मालकाची पावती. स्वतः राहत्या घराची करासाठीची किंमत एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. त्यामुळे जो माणूस पंधरा वर्षं तिथं राहतोय, त्याची करासाठीची किंमत बाजारभावाच्या खूप खाली असते. त्याचं वय ६५ च्या वर असेल तर शाळेचा कर वेगळा गोठलेलाही असतो. घर विकलं की ही सगळी झाकणं निघतात आणि पुढच्या जानेवारीत किंमत बाजारभावाला जाते. कॅलिफोर्नियातून येणाऱ्यांना १९७८ च्या कायद्यामुळे अशाच मर्यादेची सवय असते, आणि तिथंही घर विकलं की ती नव्यानं लागते. तरी इथं आल्यावर विक्रीच्या जाहिरातीतला कराचा आकडा ते खरा धरून चालतात. तो आकडा जुन्या मालकाचा असतो. किमतीला दरानं गुणून स्वतःचा आकडा काढा.

दुसरा सापळा नव्या घराचा. १ जानेवारीला जागेवर नुसता प्लॉट असेल तर त्या वर्षीचा कर प्लॉटपुरता येतो. बँक महिन्याच्या हप्त्यातच कराचे पैसे घेते, आणि तो हप्ता ती याच आकड्यावर बांधते. पुढच्या वर्षी पूर्ण घराचा कर येतो, बँक मागची तूट आणि पुढची वाढ एकदम जोडते आणि हप्ता पाच-सातशे डॉलरनी उडी मारतो. पहिल्या वर्षीच ते पैसे स्वतः बाजूला टाकत गेलं, तर काहीच अडत नाही.

अप्रेझलची नोटीस वसंतात येते आणि तिच्यावर हरकत घ्यायची मुदत साधारण १५ मे असते. हरकत घेणं म्हणजे भांडण नाही. शेजारच्या घरांचे आकडे आणि आपल्या घरातल्या दुरुस्त्यांचे फोटो जोडायचे असतात. मी दरवर्षी घेते.

बिल्डरचं कर्ज तुमच्या डोक्यावर

बाहेरच्या वलयातली घरं तेवढ्याच पैशांत मोठी मिळतात. का, ते बघू. मोकळ्या शेतात वसाहत उभी करायची तर आधी रस्ते, पाण्याच्या वाहिन्या, गटारं लागतात. गावाकडे तेवढा पैसा नसतो. मग त्या वसाहतीपुरती एक वेगळी व्यवस्था उभी करतात, तिच्यासाठी कर्जरोखे विकून ही कामं होतात आणि ते कर्ज तिथं राहायला येणारे लोक पुढची वीस-तीस वर्षं फेडतात. तिच्या दोन जाती आहेत, मड (MUD) आणि पिड (PID). पहिली बहुधा गावाच्या हद्दीबाहेर, दुसरी गावाच्या आत. नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला आणि नंतर कळलं की लिफ्टचं आणि पाण्याच्या टाकीचं कर्ज सभासदांनी फेडायचंय, तसंच.

यात लबाडी काही नाही. विकणाऱ्याला ते लेखी सांगावं लागतं. पण मॉडेल हाउसमधल्या कॉफीच्या वासात तो कागद वाचायचा राहून जातो. अशा वसाहतीत एकूण दर अडीच टक्क्यांच्या वर जाऊ शकतो. सहा लाखांच्या घरावर पाऊण टक्का जास्त म्हणजे वर्षाला ४,५०० डॉलर. शिवाय वसाहतीच्या मंडळाची वर्गणी वेगळी. म्हणून सेलाइनातलं सहा लाखांचं घर आणि प्लेनोतलं सात लाखांचं घर यांत महिन्याचा फरक वाटतो तेवढा राहत नाही.

शाळेचे दहापैकी नऊ गुण काय सांगतात?

माझ्या मते आपण मराठी माणसं इथं सगळ्यात जास्त पैसे मोजतो आणि सगळ्यात कमी चौकशी करतो. वेबसाइटवरचे गुण मुख्यतः परीक्षांच्या निकालांवर बेतलेले असतात, आणि निकाल घरच्या परिस्थितीशी घट्ट बांधलेले. जिथं आईवडील इंजिनीअर आणि डॉक्टर, तिथं निकाल चांगले लागणारच. सात गुणांच्या शाळेतला शिक्षक नऊवालीतल्यापेक्षा कमी शिकवतो, असं त्यावरून कळत नाही. राज्याचं शिक्षण खातं ए पासून एफ पर्यंत श्रेणी देतं. त्यात मुलांची वर्षभरात प्रगती किती झाली याचा वेगळा आकडा असतो. तो जास्त कामाचा.

मला गुणांपेक्षा शाळेची घडण महत्त्वाची वाटते. फ्रिस्को डिस्ट्रिक्टनं हायस्कुलं मुद्दाम मध्यम आकाराची ठेवली, म्हणून तिथं बारा हायस्कुलं आहेत. प्रत्येकीचा स्वतःचा बँड, नाटक, फुटबॉल. म्हणजे संघात शिरायला जागा जास्त. प्लेनोत नववी-दहावी एका शाळेत आणि अकरावी-बारावी "सीनियर हाय"मध्ये. तिथं मुलं खूप, म्हणून विषयही खूप. ॲलनमध्ये सगळ्या डिस्ट्रिक्टचं एकच अजस्र हायस्कूल आहे, पाच हजारांच्या वर मुलांचं. त्याचं फुटबॉलचं स्टेडियम २०१२ मध्ये ६ कोटी डॉलर खर्चून बांधलं. साउथलेकमध्ये डिस्ट्रिक्ट छोटा, सगळे सगळ्यांना ओळखतात. लाजाळू मुलीला कुठलं बरं, वादविवादात रमणाऱ्या मुलाला कुठलं, हे दहापैकी गुणांत बसत नाही. मुलांना घेऊन एकदा शाळेत जाऊन यावं.

आणि आता अशी गोष्ट, जी बाहेरून येणाऱ्यांना कुणी सांगत नाही. टेक्सासमध्ये १९९७ पासून कायदा आहे: आपल्या हायस्कुलात पहिल्या १० टक्क्यांत आलेल्या मुलाला राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश. ऑस्टिनच्या विद्यापीठाकडे गर्दी इतकी की त्याच्यासाठी ही रेषा आक्रसत ६ टक्क्यांवर आणि २०२६ च्या प्रवेशापासून ५ टक्क्यांवर आली. टक्के मोजायचे ते त्या शाळेतल्या मुलांमध्ये. म्हणजे जिथं प्रत्येक दुसरं मूल अव्वल, तिथं पहिल्या पाच टक्क्यांत येणं भयंकर कठीण. ९७ सरासरी असलेली मुलगी रेषेच्या बाहेर राहते. साध्या शाळेत तीच मुलगी आरामात आत असती.

यावर भाच्यानं लगेच विचारलं, मग मुद्दाम कमी गुणांची शाळा घ्यायची का? नाही. प्रवेश विद्यापीठात थेट मिळतो, हव्या त्या शाखेत नाही. कॉम्प्युटर सायन्ससाठी वेगळी चुरस असतेच. अभ्यासू सोबतीचा फायदाही खरा असतो. पण सर्वोच्च गुणांच्या शाळेसाठी दीड लाख डॉलर जास्त मोजताना मुलीच्या खांद्यावर कसला भार येणार आहे, हे माहीत असावं. या भागातल्या नववीतल्या मुलांचे थकलेले चेहरे मी पाहिले आहेत. क्रमांकातल्या दोन जागांसाठी आवडता विषय सोडून देणारी मुलं पाहिली आहेत. ते बघून पोटात तुटतं.

"आपली माणसं कुठं जास्त आहेत?" यावर एजंट गप्प का होतो

अनेकांना वाटतं एजंट काहीतरी लपवतोय. तसं नाही. १९६८ च्या केंद्रीय गृहनिर्माण कायद्यानुसार वंश, धर्म, मूळ देश यांवरून ग्राहकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं किंवा तिथून परतवणं बेकायदेशीर आहे. पूर्वी काळ्या कुटुंबांना गोऱ्या वस्त्यांपासून दूर ठेवायला हेच तंत्र वापरत, म्हणून ही बंदी. तुम्ही भारतीय म्हणून एजंटानं तुम्हाला भारतीय वस्तीकडे वळवलं तरी तो त्याच कायद्यात सापडतो. त्याला कोंडीत पकडू नका. ही माहिती स्वतः काढा. जनगणनेचे आकडे सर्वांना खुले आहेत. अर्व्हिंगचं एकता मंदिर किंवा फ्रिस्कोचं कार्यसिद्धी हनुमान मंदिर इथं एखादा रविवार घालवा. स्थानिक महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाला या आणि लोकांना विचारा, ते कुठून आले.

माझं मत विचाराल तर शेजारी मराठी असणं चांगलं, पण गल्ली फक्त आपलीच असावी असा हट्ट नको. मुलांना इथल्या मातीत रुजायचंय.

तीच ती काळी माती

मातीवरून आठवलं. परभणी-नांदेडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. डॅलस, प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी हा सगळा पट्टा काळ्या मातीचा. एकेकाळी इथंही कापूसच पिकायचा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर घर उभं असतं एका काँक्रीटच्या लादीवर. तळघर सहसा नसतंच. माती एका बाजूनं सुकली की लादी वाकते, दारं लागेनाशी होतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते. म्हणून इथले लोक ऑगस्टमध्ये झाडांइतकंच घराच्या पायालाही पाणी घालतात. पहिल्या उन्हाळ्यात मला ते विचित्र वाटलं होतं. पश्चिमेला, साउथलेक-ग्रेपव्हाइनच्या बऱ्याच भागात माती वाळूमिश्रित आहे, जुनी ओकची झाडं आहेत, आणि हा त्रास तुलनेनं कमी.

करार केल्यावर इथं ऑप्शन पिरियड घेता येतो: थोडी रक्कम देऊन ठरावीक दिवस, बहुधा आठवडा-दहा दिवस, कारण न सांगता माघार घेण्याचा हक्क. त्या दिवसांत नेहमीच्या तपासनिसाखेरीज एक स्ट्रक्चरल इंजिनीअर आणून पायाची पातळी मोजून घ्या. काही शे डॉलरचं काम आहे. पाया उचलायची वेळ आली तर खर्च त्याच्या कितीतरी पट.

वरून गारा. वसंतातल्या गारपिटीनं छपरं फुटतात, म्हणून घराचा विमा महाग. पॉलिसीत वारा-गारांसाठीचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आधी आपण भरायचा भाग, बहुधा टक्क्यांत असतो. सहा लाखांच्या विम्यावर २ टक्के म्हणजे १२ हजार डॉलर आपल्या खिशातून. छपराचं वय विचारल्याशिवाय घराची किंमत बोलू नका.

विजेचीही तीच गत, पत्त्यावर अवलंबून. काही भागात कंपनी निवडता येते, काही भागात सहकारी संस्थेचीच वीज घ्यावी लागते. फ्रिस्कोत दोन्ही प्रकार आहेत.

ऑफिस कुठं, आणि आईवडील येणार का?

हिंजवडीत नोकरी आणि खराडीत घर असलेल्या पुणेकराला हा भाग वाचायची गरज नाही. साउथलेक ते प्लेनोचा ऑफिसांचा भाग सुमारे २५ मैल. सकाळी त्याला पाऊण तास ते तास धरा, आणि जाता-येता टोल. उत्तरेचे बहुतेक मोठे रस्ते टोलचे आहेत. नाके नाहीत, कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे खात्यातून जातात. महिन्याला दीडशे-दोनशे डॉलर असे नकळत जाऊ शकतात. ऑफिसच्या वेळेला एकदा स्वतः गाडी चालवून बघा, रविवारी दुपारी नको.

एक्सेल शीटमध्ये आणखी एक रकाना नव्हता: आजी-आजोबा. माझी ताई आणि भावजी दरवर्षी सहा महिने त्याच्याकडे येतात. गाडी चालवत नाहीत. नव्या वसाहतीत त्यांना दिवसभर चार भिंती आणि खिडकीबाहेर रिकामा फुटपाथ. प्लेनो आणि रिचर्डसन डार्ट या सार्वजनिक वाहतूक संस्थेत आहेत. तिथं रेल्वे आहे, आणि ऑक्टोबर २०२५ पासून प्लेनोहून विमानतळापर्यंत नवी रेल्वे धावते. फ्रिस्को, ॲलन, मॅकिनी, साउथलेक त्यात नाहीत. जुन्या प्लेनोच्या स्टेशनाजवळ वाचनालय, बाग, दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एका सत्तरीच्या माणसाचे सहा महिने त्यावर सुखाचे किंवा दुःखाचे होतात. मी तरी याला शाळेच्या अर्ध्या गुणापेक्षा जास्त वजन देईन.

नवं वलय की जुनं?

नव्यात सगळं चकचकीत, मुलांना खेळायला समवयस्क सोबती भरपूर. पण शाळा बांधली जाईपर्यंत वर्ग भरून वाहतात, हद्दी पुन्हा पुन्हा आखल्या जातात, आणि ज्या प्राथमिक शाळेसाठी घर घेतलं तिच्यातून मूल दुसरीकडे हलवलं जातं. जुन्यात उलट: झाडं वाढलेली, रस्ते झालेले, पण तरुण कुटुंबांना घरं परवडत नाहीत आणि मुलं कमी होतात. प्लेनोनं २०२५ च्या उन्हाळ्यात चार शाळा बंद केल्या. फ्रिस्कोतही पट घटायला लागलाय, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या मतदारांनी शाळांसाठीची करवाढ आणि कर्जरोखे दोन्ही नाकारले. श्रीमंत डिस्ट्रिक्टकडे पैसा असतोच, असंही धरू नका: १९९३ च्या कायद्यानं त्यांच्या करातला मोठा भाग राज्य काढून घेतं, प्लेनोनं काही वर्षी २० कोटी डॉलरहून जास्त दिले आहेत. शाळा बंद होणं म्हणजे गाव बुडालं असंही नाही. धाकटा पहिलीत असेल तर मात्र त्याची प्राथमिक शाळा बंद व्हायच्या यादीत आहे का, हे मंडळाच्या बैठकीच्या कागदांत बघावं. ते कागद सर्वांना खुले असतात.

"भाडं म्हणजे पैसे पाण्यात"?

हे वाक्य आपल्याकडे घराघरात आहे, आणि त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. पण नव्या महानगरात पहिल्याच महिन्यात घर घेणं म्हणजे एका भेटीत सोयरीक पक्की करण्यासारखं. विकत घेताना आणि लवकर विकावं लागलं तर विकताना जाणारा खर्च मिळून वर्षभराच्या भाड्याच्या पुढे सहज जातो. ज्याचा व्हिसा एच-वन-बी, म्हणजे नोकरीशी बांधलेला आहे, त्याला आणखी एक गोष्ट मोजावी लागते: नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. पगार थांबला की पगारावरचा कर आपोआप थांबतो. घरावरचा थांबत नाही. टेक्सासमध्ये मोठा भार घरावर आहे, म्हणून इथं घर घेणाऱ्यानं हप्ता, कर आणि विमा मिळून सहा महिन्यांचे पैसे बाजूला ठेवूनच सही करावी. मागे एका ओळखीच्या कुटुंबाला घर घेतल्यावर पाचव्या महिन्यात ते घाईनं विकावं लागलं. त्यांची भरलेली खोकी अजून गॅरेजमध्येच होती.

भाच्याला मी बारा महिन्यांचं भाड्याचं घर सुचवलंय. थोरलीला पुढे जिथं हायस्कूल हवंसं वाटेल, त्याच डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे नंतर घर घेताना तिची शाळा मोडायला नको. त्यानं शीटमधला गावांचा रकाना काढून टाकलाय आणि तिथं पत्ते लिहायला सुरुवात केलीय. काल रात्री सात पत्ते पाठवले. त्यातले दोन फ्रिस्कोचे म्हणून लिहिलेले आहेत, पण अप्रेझलच्या नोंदीत एक लुइसव्हिल डिस्ट्रिक्टमध्ये निघाला आणि दुसऱ्यावर पिडचं कर्ज आहे. उरलेले पाच मी शनिवारी गाडीनं जाऊन बघणार आहे. परवापासून पाऊस लागलाय, तेव्हा भिंतीच्या कडेनं पाणी कुठं साठतं, तेही दिसेल.